जेटबाईची जागा

वहिनी,

परवा फोनवर मी म्हटलं, तुझ्यावर लिहायला घेतलंय, तर तू हसलीस आणि म्हणालीस, "माझ्यावर काय लिहिणार, वन्सं? एकोणतीस वर्षं कार्ब्युरेटर धुतले, संपलं." तेच लिहिते आहे. मोठ्या माणसांवर लिहिणारे ढिगाने आहेत आणि त्यातले निम्मे थापा मारतात. तुझ्यावर लिहायला मीच उरले आहे. पण "तू, तू" करत लिहीत राहिले तर तू दर ओळीला "असं नव्हतं हो ते" म्हणून मध्ये तोंड घालशील, म्हणून इथून पुढे तुला "ती" करून टाकते. माझा भाऊ तुझा नवरा म्हणून येईल. मीही येईन, पण नणंद म्हणून, आणि तेही गरजेपुरतीच. चष्मा लाव, पाय वर घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच गॅसवरचं काही बघायला उठू नकोस.

लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा खाली दुकान, वर दोन खोल्या आणि दोन्हींच्या मध्ये तेरा पायऱ्यांचा लोखंडी जिना होता. दुकानात लहान इंजिनं दुरुस्त व्हायची. गवत कापायची यंत्रं, पाण्याचे पंप, फवारणीचे पंप, झाडं कापायच्या करवती, दुकानदारांचे छोटे जनरेटर. दोरी ओढून चालू होतं ते सगळं. नवरा कामाला वाघ होता आणि बोलायला मुका. सकाळी आठला जिना उतरायचा, एकला जेवायला वर यायचा, जेवताना ताटाशी बोलल्यासारखं "मीठ कमी आहे" एवढं म्हणायचा आणि परत खाली. पहिली दोन वर्षं तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. तिने नणंदेला विचारलंही. नणंद म्हणाली, "तुझं काही चुकत नाहीये. तो आईशीही असाच बोलायचा. आई म्हणायची, याला जन्माला घालताना जीभ द्यायची राहिली."

तिसऱ्या वर्षी एका दुपारी जिन्याखालून हाक आली. "अगं, जरा खाली येतेस का? तुझी बोटं बारीक आहेत."

कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल मापात कालवून पाजणारा मुठीएवढा धातूचा डबा. त्याच्या आत पितळेचा एक बारकासा स्क्रू असतो, त्याला म्हणतात जेट. त्याच्या मधोमध केसाएवढं भोक असतं आणि सगळं इंजिन त्या भोकाच्या मर्जीवर चालतं. महिनोन्‌महिने यंत्र पडून राहिलं की आतलं पेट्रोल सुकून मधासारखं चिकट होतं आणि ते भोक बुजतं. मग माणूस दोरी ओढून ओढून खांदा निखळवून घेतो आणि शेवटी यंत्र डोक्यावर घेऊन दुकानात येतो. नवऱ्याची बोटं जाड होती. त्या दुपारी त्याच्या हातून एक जेट तिसऱ्यांदा खाली पडलं होतं आणि तो जमिनीवर ओणवा होऊन ते शोधत होता. ती उतरली, तिने ते दोन मिनिटांत शोधलं, आणि मग विचारलं, "आता याचं काय करायचं?"

ती खाली उतरली ती एकोणतीस वर्षांसाठी.

बाकाच्या एका बाजूला तो, समोर ती. तिच्यापुढे पत्र्याचा ट्रे, त्यात पेट्रोल आणि थिनर, दात घासायचे दोन जुने ब्रश आणि विजेच्या वायरीतून सोडवलेली तांब्याची एकेक बारीक तार. जेटमध्ये लोखंडी तार घालायची नाही हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली. लोखंडाने भोक मोठं होतं आणि इंजिन पेट्रोल ढोसायला लागतं. तांबं मऊ, ते भोकाचं ऐकतं. साफ झालं की जेट चिमटीत धरून खिडकीकडे करायचं आणि एक डोळा मिटून बघायचं. पलीकडचा उजेड टाचणीच्या डोक्यासारखा गोल दिसला की झालं. एका बाजूने जरी खाल्ल्यासारखा दिसला तरी परत ट्रेमध्ये.

"उजाडलं?" तो विचारायचा.

"अजून नाही."

आणि मग थोड्या वेळाने ती म्हणायची, "उजाडलं." तो हात पुढे करायचा.

गिऱ्हाइकं तिला जेटबाई म्हणायला लागली. एकदा एक गिऱ्हाईक नवऱ्याच्या तोंडावर म्हणालं, "मिस्त्री, तुम्ही नुसती दोरी ओढता, खरं काम जेटबाईच करतात." नवरा म्हणाला, "मग मजुरी तिलाच द्या, मी दोरीचीच घेतो." इतका लांब विनोद त्याने आयुष्यात दुसरा केला नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. त्या बाकावर त्याला बोलता यायचं. हात कामात असले आणि नजर वर करावी लागत नसली की त्याची जीभ सुटायची. लहानपणी तो विहिरीत पडला होता, ते तिला तिथं कळलं. बापाने त्याची शाळा का सोडवली, तेही. मुलगी झाली तेव्हा तिचं नाव त्या बाकावर ठरलं, तिने कोणत्या शाळेत जायचं ते तिथंच ठरलं, आणि पुढे तिने लांबच्या गावचा नवरा पसंत केला तेव्हा दोन दिवस तणतण झाली ती बाकावर आणि शेवटी "जाऊ दे, तिचं ती बघेल" तेही बाकावरच. नणंदेच्या संसाराची साल काढायचं कामही तिथं नेमाने चालायचं, हे नणंदेला ठाऊक होतं. वर गेले की दोघं नवरा-बायको होते, जेवायचे, झोपायचे, भांडी घासायचे. गप्पा खाली.

तिची छाती धरायला लागली तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती. आधी सकाळचा खोकला, मग जिना चढताना धाप, मग एक दिवस ट्रेवर वाकलेली असताना तिला श्वासच घेता येईना. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकर मारून घेतली आणि विचारलं, "काम काय करता?" तिने सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तीस वर्षं पेट्रोल आणि थिनर हुंगताय. आता त्या ट्रेपासून लांब राहायचं. राहाल ना?"

ती काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "परत पाऊल टाकू देणार नाही."

त्याला स्वतःचा शब्द फार मोठा होता. दिला की दिला. त्याच संध्याकाळी त्याने तिचा ट्रे मागच्या अंगणात नेऊन ओतला आणि पालथा घातला. ती वरच्या खिडकीतून बघत होती. तिला बरंच वाटलं तेव्हा. एवढी काळजी त्याने कधी दाखवली नव्हती. चार दिवस तिने पुरेपूर आराम केला, पाचव्या दिवशी कपाटं आवरली, आणि सहाव्या दिवशी तिला कळेना की आता काय.

खाली त्याचे हाल चालले होते. डोळे साथ देईनात, बोटं तर जाडच. मशीनं परत यायला लागली. "मिस्त्री, सुरू होतं आणि बंद पडतं." लोक तोंडावर बोलत नसत, पण दोन माणसं दुसरीकडे गेली.

यंत्र सापडलं ते तिच्याच पायी. तिच्या चष्म्याचा नंबर बदलला होता म्हणून दोघं चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने तिची जुनी फ्रेम पाण्याच्या एका लहानशा स्टीलच्या टाकीत टाकली, बटण दाबलं, बारीक भुणभुण सुरू झाली आणि बिजागरीतून काळा मळ धुरासारखा बाहेर यायला लागला. ब्रश नाही, हात लावायचं नाही. नवरा टाकीवर वाकला तो वाकलाच. हे काय, कसं चालतं, आत काय असतं. दुकानदार म्हणाला, "आवाजाच्या लाटा असतात, आपल्याला ऐकू न येणाऱ्या. पाण्यात लाखो बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात. ब्रश जात नाही तिथंसुद्धा जातात." त्याने अर्धा तास दुकानदाराचं डोकं खाल्लं. तिने तेवढ्या वेळात दुकानातल्या सगळ्या फ्रेम घालून पाहिल्या आणि आरशात स्वतःला कंटाळली.

महिन्याभराने मोठी टाकी आली. त्या दिवशी त्याने तिला हाक मारून खाली बोलावलं. पाहुण्यासाठी मांडावी तशी खुर्ची दाराजवळ मांडली होती. तो एवढा खुशीत होता की तिला हसू येत होतं.

"हे बघ," तो म्हणाला आणि चांदीसारख्या पातळ कागदाची, डबा गुंडाळायच्या ॲल्युमिनियमची, एक पट्टी त्याने पाण्यात उभी धरली. बटण दाबलं. तळणीत काही सोडल्यासारखा चर्र आवाज झाला. मिनिटभराने पट्टी बाहेर काढून त्याने उजेडात धरली. ती चाळणीसारखी भोकाभोकांची झाली होती. "अशी भोकं पडली म्हणजे मशीन चोख."

मग त्याने एक कार्ब्युरेटर खोलून, रबर आणि प्लॅस्टिकचं सगळं बाजूला काढून, जाळीच्या टोपलीत घालून पाण्यात सोडला. प्रत्येक भोकातून तपकिरी धूर निघाला. दोघं टाकीवर वाकून बघत होते.

"पाण्यात काय आहे?" तिने विचारलं.

"साबण. साधं कोमट पाणी आणि मशीनबरोबर आलेला साबण."

"पेट्रोल नाही?"

"थेंबभरही नाही. पेट्रोल मी आधीच मागच्या अंगणात ओतून येतो. वास येतोय का?"

वास येत नव्हता. तिने मुद्दाम खोल श्वास घेऊन पाहिला. खोकला आला नाही. आणि त्या क्षणी तिच्या मनात आलं, म्हणजे मला आता इथं बसायला काही हरकत नाही. ट्रे गेला, थिनर गेलं, डॉक्टरीणबाईंनी लांब राहायला सांगितलं होतं ते ट्रेपासून. उरलं काय, तर पाणी आणि साबण. ती वाट बघत राहिली, तो म्हणेल म्हणून. म्हणेल, ये उद्यापासून, बस तुझ्या जागी, मी टाकीत घालतो, तू बघ उजाडलं का.

तो म्हणाला, "सुटलीस बघ आता."

तिने बाकाकडे पाहिलं. टाकीला नळ लागत होता आणि विजेचं बटण लागत होतं, आणि दोन्ही तिच्या बाजूला होती. टाकी तिच्या जागी बसली होती. तिच्या स्टुलावर धुतलेले भाग विसळायची बादली होती.

ती वर आली. वर येऊन तिने नणंदेला फोन केला आणि म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाने सवत आणलीय. पोट स्टीलचं आहे आणि सारखी कुणकुण करते."

नणंद खूप हसली. तिला त्यात विनोदच दिसला.

पुढे रात्रीच्या जेवणाला ती नवऱ्याला विचारायची, "धाकटीने आज किती धुतले?" तो पहिले काही दिवस हसला. मग नुसता आकडा सांगायला लागला. सहा. चार. आज नऊ. त्याला वाटत होतं, तिला आकड्यात रस आहे.

आता कोणी म्हणेल, एवढं होतं तर सरळ जिना उतरून जायचं आणि स्टूल ओढून बसायचं. तिच्या जागी नणंद असती तर तिने तेच केलं असतं, आणि बादली अंगणात भिरकावली असती. पण ती तशी नव्हती. पहिल्यांदा ती बोलावल्यावर उतरली होती. आपल्या बोटांचं काम पडलं म्हणून हाक आली आणि आपण गेलो, हा तिचा मान होता, दुसरा तिने कधी मागितला नव्हता. न बोलावता जाऊन बसणं म्हणजे तिच्या लेखी पंगतीत घुसणं. आणि तो शब्द देऊन बसलेला, परत पाऊल टाकू देणार नाही म्हणून. शब्द दिला तेव्हा खाली थिनर होतं आणि आता साबण आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. तो मशीन उघडून त्याचा रोग सांगायचा, पण आपण कशासाठी काय बोललो होतो ते उघडून बघायची त्याला सवय नव्हती.

वरून सगळं ऐकू यायचं. जमिनीतून टाकीची भुणभुण पायाच्या तळव्यांना लागायची. ती थांबली की हवेच्या पाइपचा फुस्स आवाज, मग हत्यारांची खडखड, मग दोरी. ती भाजी चिरता चिरता दोरी मोजायची. एक, दोन, तीन. तिसऱ्याला इंजिन धडधडलं पाहिजे. हल्ली सातव्याला, आठव्याला धडधडायचं, आणि धडधडून मध्येच गुदमरायचं. तिला बसल्या जागी कळायचं की सावकाश चालताना पेट्रोल देणारं आतलं बारीक भोक अजून बुजलेलं आहे. टाकी मळ सैल करते. सगळाच काढते असं नाही. शेवटी जेट चिमटीत धरून कोणीतरी बघावं लागतं, आणि राहिलेलं तारेने हलक्या हाताने काढावं लागतं. तो बघत असणार, पण त्याच्या डोळ्यांना अर्धवट उजेडही गोलच दिसत असणार.

एक दिवस कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला नेताना ती फार जड लागली. तिने उघडून पाहिलं. तीन कार्ब्युरेटरांची नुसती अंगं, काळीठिक्कर. ॲल्युमिनियम गरम साबणात जास्त वेळ राहिलं की काळं पडतं. तो फोनवर बोलत राहिला असेल किंवा टाकी लावून विसरला असेल. समोर ती बसली असती तर म्हणाली असती, "अहो, काढा ते, शिजलं." तिने पिशवीची गाठ परत मारली आणि त्याला काही विचारलं नाही. त्याने लपवलं होतं म्हणजे त्याला लपवायचं होतं.

त्याच आठवड्यात तो भर दुपारी वर आला. तो असा कधी यायचा नाही. मूठ मिटलेली होती.

"तुझा चष्मा दे जरा."

तिने दिला. तो खिडकीशी गेला, तिचा चष्मा नाकावर चढवला आणि मुठीतलं जेट चिमटीत धरून उजेडाकडे केलं. बराच वेळ बघत राहिला. ती उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने तळहात पुढे केला. तीस वर्षांत त्या हातावर जेट ठेवायला त्याला सांगावं लागलं नव्हतं.

तो वळला. तिचा हात पाहिला. चष्मा काढला आणि त्या हातावर ठेवला.

"तुझा नंबर मला चालत नाही," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

ती संध्याकाळपर्यंत त्या खिडकीशी बसून होती. टाकी आल्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं.

पुढच्या वेळी नणंद आली ती दुपारच्या बसने. वहिनीने चहा टाकला, मुलीच्या नोकरीचं सांगितलं, नणंदेच्या दाताचं ऐकून घेतलं, आणि मग कप विसळता विसळता, पाठ करूनच म्हणाली, "वन्सं, माझं एक काम कराल?"

"सांग की."

"खाली त्यांना सहज विचारा. मी म्हटलं म्हणून सांगू नका, तुमच्या मनाने विचारल्यासारखं विचारा. म्हणावं, आता पेट्रोलचं काही राहिलं नाही, तर दुपारचे दोन तास ती खाली येऊन बसली तर चालेल का. नुसती जेट बघायला."

"तूच विचार की. तुझा नवरा आहे, काय वाघ आहे का?"

"मी विचारलं तर ते हो म्हणतील. माझं मन मोडायला नको म्हणून. मला तसं हो नकोय. तुम्ही विचारलंत तर खरं काय ते सांगतील."

नणंदेला हे जरा जास्तच वाटलं. या घरात सगळ्यांनाच सरळ रस्ता सोडून गल्लीतून जायची हौस, असं तिच्या मनात आलं. पण ती "बरं" म्हणाली.

"आणि एक," वहिनी म्हणाली. "हो म्हणाले तर मला फोन करा. नाही म्हणाले तर काही सांगू नका. नंतरही कधी विषय काढू नका. तुम्ही बोलला नाहीत म्हणजे मी समजेन."

नणंद खाली गेली. त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीने वाट बघणं सोडलं, आणि जेवताना किती धुतले ते विचारणंही सोडलं. नवऱ्याला ते आठवडाभराने जाणवलं. तो आपणहून म्हणाला, "आज सात." ती म्हणाली, "हं."

महिन्याने नणंद परत आली तेव्हा दार उघडताना वहिनीने तिच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं आणि मग चहा टाकला. विषय काढला नाही. ठरल्याप्रमाणे.

पुढे चौदा महिने ती वर राहिली आणि तो खाली. तिने शेजारच्या मुलींना शिवण शिकवायला घेतलं. बारीक टाका तिला छान यायचा. दुकान अर्ध्यावर आलं. मग एका सकाळी टाकीची भुणभुण सुरू झाली ती थांबलीच नाही. अर्धा तास, पाऊण तास. ती जिन्याच्या तोंडाशी आली आणि म्हणाली, "अहो, शिजेल ते." उत्तर आलं नाही म्हणून ती न बोलावता खाली उतरली. तो बाकावर डोकं टेकून बसला होता. तिने आधी टाकीचं बटण बंद केलं, मग त्याला हात लावला.

दुकान रिकामं करायला दीड महिना लागला. मुलगी येऊन गेली, नणंद चार दिवस राहिली. हत्यारं गेली, बाक गेला. टाकी घ्यायला दुचाकी दुरुस्त करणारा एक तरुण मिस्त्री आला. वहिनीने टाकीत पाणी भरलं, चंदेरी कागदाची पट्टी उभी धरली, बटण दाबलं आणि भोकं पडलेली पट्टी त्याला उजेडात धरून दाखवली. म्हणाली, "गरम पाण्यात ॲल्युमिनियम फार वेळ ठेवू नका, काळं पडतं. आणि यातून काढलं म्हणजे झालं असं समजू नका. जेट डोळ्याला लावून बघायचं. राहिलेलं तांब्याच्या तारेने काढायचं, लोखंडाच्या नाही."

"मावशी, तुम्हीच चालवायचात का हे?"

"नाही," ती म्हणाली. "मी वर असायचे."

तो टाकी घेऊन गेल्यावर दोघी त्या रिकाम्या दुकानात उभ्या होत्या. भिंतीवर बाकाची रेघ तेवढी उरली होती. वहिनी केरसुणी घेऊन कोपरा झाडायला लागली आणि झाडता झाडताच म्हणाली, "वन्सं, तेव्हा तुम्ही विचारलंत, ते नाही म्हणाले. मला थोडे दिवस वाईट वाटलं, मग गेलं ते. माझ्या छातीसाठीच म्हणाले असतील ना? की धाकटीवर भागत होतं म्हणून?"

नणंद म्हणाली, "छातीसाठीच."

वहिनीने मान हलवली आणि केर भरला.

वहिनीने ते काम सांगितलं त्या दुपारी काय झालं ते असं. नणंद जिना उतरून खाली गेली तेव्हा भाऊ टाकीत कोपरापर्यंत हात घालून काहीतरी चाचपत होता. बस यायला आठ मिनिटं होती. नणंदेने पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "येते रे." तो वर न बघता म्हणाला, "वर काय करते गं ती दिवसभर?"

तो आपणहून विचारत होता. वर्षावर्षात तो बहिणीला एक प्रश्न विचारायचा नाही आणि तो हे विचारत होता. नणंदेच्या डोक्यात बस होती आणि दात ठणकत होता.

"आराम करते, आणखी काय करणार," ती म्हणाली. "सुख लागलंय तिला."

"असं होय," तो म्हणाला. पाण्यातून हात काढला. "मग बरंय." आणि त्याने बटण दाबलं.

टाकी सुरू झाली. त्या आवाजात ओरडून विचारावं लागलं असतं. तेवढ्यात कोपऱ्यावरून बस वळताना दिसली. नणंदेने मनाशी म्हटलं, पुढच्या वेळी विचारू, आणि ती बससाठी पळाली. पुढच्या वेळी तिला ते आठवलंही नाही. तिने विचारलंच नव्हतं.